अकरा दिवसांचं इंजिन

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय धाकल्या,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बराच वेळ फोडलं नसशील. माझंच आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचलावास असं मी काही केलेलंही नाही, म्हणून पत्र. पत्ता मला पिवळ्या टँकरच्या ड्रायव्हरने दिला. म्हणाला, ''तुमचा भाऊ हमरस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात असतो. चाकं काढतो, हवा भरतो. वाळलाय.'' मी म्हटलं, तो मुळातलाच काटक. तर म्हणाला, ''काटक वेगळं बाई, आणि वाळलेला वेगळा.''

इकडे सगळं ठीक. पोरगी दुसरीत गेली. पुढचे दोन दात एकदम पडलेत, बोलताना शिट्टी वाजते. तुझे दाजी सध्या दुसऱ्यांच्या गाड्या पगारावर चालवतात. स्वतःच्या गाडीचा मालक दुसऱ्याचा नोकर झाला की त्याचं उट्टं घरात निघतं, ते तुला वेगळं सांगायला नको. माझी पाठ दुखते, पण ती जुनीच तक्रार. बाबांची खोली परवा झाडून घेतली, पडदे धुतले.

आपला ट्रेलर अजून गॅरेजच्या मागच्या भिंतीशी तसाच उभा आहे. सात महिने झाले. पुढची केबिन वाकवून ठेवलेली, त्यामुळे मान खाली घातलेल्या जनावरासारखा दिसतो. इंजिनाच्या जागी पोकळी आहे, तिथे मांजर व्यायली होती. अठराच्या अठरा चाकांतली हवा उतरली आहे. मी त्या बाजूने जायचं टाळते, पण पोरीची शाळा तिकडेच.

आता कामाचं लिहिते, म्हणजे पत्र कशाला ते कळेल.

गॅरेजच्या मालकांनी नवीन इंजिनाचा भाव काढलाय. साडेचौदा लाख. तुला आठवत असेल, मार्चमध्ये पहिल्यांदा बेअरिंग जळलं तेव्हाही त्यांनी हाच आकडा सांगितला होता, आणि हे हसत सुटले होते. ''साडेचौदात मी दुसरी बायको करीन आणि तिला हप्त्यावर गाडी घेऊन देईन.'' सगळे हसले, मीही हसले. मग मालक म्हणाले, असंच दुसरं बांधलेलं आणून बसवू, नऊ लाख. यांनी मान हलवली. तेव्हा तू पुढे आलास. हात पुसत, खाली बघत, यांच्याशी बोलायचं असलं की तू नेहमी खाली बघायचास. ''दाजी, हेच इंजिन मी बांधतो. ब्लॉक चांगला आहे. सामान तेवढं आणून द्या, पावणेसहात होईल. मजुरी नको.''

मजुरी नको म्हणालास. त्या दोन शब्दांनी सगळं ठरलं.

सामान मी आणायचं ठरलं, कारण यांना गाडीच्या दुकानात घासाघीस करायला लाज वाटते आणि मला लाज परवडत नाही. तू वहीच्या पानावर यादी लिहून दिलीस. पिस्टन, लायनर, बेअरिंग, पंप, गॅस्केट. सगळ्यात खाली ऑइल कूलर लिहिलंस आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यास. मी विचारलं, याला दोन रेघा का? तू मला सुपातलं धान्य निवडून दाखवावं तसं समजावून सांगितलंस. बेअरिंग जळलं की धातूचा चुरा होतो. तो तेलाबरोबर सगळीकडे फिरतो आणि कूलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. बाकी सगळं धुता येतं, तो कूलर धुता येत नाही. कितीही धुवा, वरून लखलखीत दिसतो आणि चुरा आतच राहतो. नव्या इंजिनात तेल तापलं की सुटून परत बेअरिंगमध्ये. ''बाकी कशातही वाचव ताई, यात नको.''

मला सगळं समजलं होतं, धाकल्या. नंतर मी स्वतःलाही सांगून बघितलं की बायकांना यातलं काय कळतं. पण मी इंजिन बांधणाऱ्याची मुलगी आहे. मला कळलं होतं.

इथे मी उठले होते. दूध उतू गेलं. शेगडी पुसून परत बसले आहे.

मधे एक गोष्ट सांगते. तुला ठाऊक नाही. लग्नानंतर चौथ्या वर्षी यांनी मला गाडीवर बरोबर नेलं होतं, फिरायला म्हणून. वाटेत मी काहीतरी उलट बोलले. काय ते आठवत नाही, डिझेलवरून असेल. यांनी गाडी बाजूला घेतली, म्हणाले, उतर. मी उतरले. गेले निघून. दोन्ही बाजूंना माळ, एक दगड, त्यावर मी. चार तासांनी त्याच रस्त्याने परत आले, हॉर्न वाजवला. मी चढले. घरी येऊन मी स्वयंपाक केला आणि यांनी मीठ कमी म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून मी मनात एक खोली भाड्याने घेतली होती. खरी खोली नव्हे, पण भाव विचारून ठेवला होता. दर वर्षी विचारायचे. या मार्चमध्ये अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं मिळून पंचेचाळीस हजार होत होते.

कूलरची किंमतही तेवढीच होती.

तू जुनं सामान पोत्यात भरून माझ्याकडे दिलंस. तुमच्या धंद्याची ती रीत मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा कधी एखादा वॉशरसुद्धा स्वतःजवळ ठेवायचे नाहीत. जे बदललं ते पोत्यात, पोतं मालकाच्या दारात, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. ''ताई, पोतं घरी ने, दाजींना दाखव.'' मी नेलं. दाखवायच्या आधी त्यातला कूलर काढून घेतला, पिशवीत घातला आणि दोन गल्ल्या सोडून तो रेडिएटरला डाग देणारा आहे ना, त्याच्याकडे गेले. त्याने ॲसिडने धुतला, हवा मारली, चंदेरी रंग दिला. मी विचारलं, चालेल ना? म्हणाला, ''चालेल तोवर चालेल, बाई.'' सामानाच्या दुकानातून पोरीच्या शाळेच्या वस्तूला हवा म्हणून रिकामा खोका मागून आणला होता. त्यात बसवला.

बाकीचं सगळं सामान मी नवं आणलं. एकेक वस्तू पारखून, भांडून. त्या यादीत मी एवढंच केलं.

तू खोका उघडलास तो प्रसंग मी किती वेळा तरी पाहते. कूलर बाहेर काढताना तुझ्या अंगठ्याला रंग लागला. कारखान्यातला रंग हाताला लागत नाही, हे तुला कळत नसेल असं नाही. तू अंगठ्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. मी पोरीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, ते काही केल्या बसेना.

''ताई, हाच ना?''

''हाच,'' मी म्हटलं.

तू अंगठा पँटला पुसलास आणि पाना हातात घेतलास.

मला वाटलं होतं तू ओरडशील. ओरडला असतास तर मी तिथल्या तिथे पैसे काढून दिले असते, पिशवीतच होते. तू लहानपणापासून असाच. मी म्हटलं औषध गोड आहे की तोंड उघडायचास.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी बाबा आले होते. पायऱ्या चढवत नव्हत्या तरी आले. स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. केवढा वेळ. मग म्हणाले, ''चांगलं बांधलंस.'' आपल्या बाबांनी जन्मात कुणाला चांगलं म्हटलं नाही, मला तर नाहीच. तुझे कान लाल झाले. मी बाजूलाच उभी होते आणि मला तुझा राग आला होता. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. तेवढा एक शब्द मिळायला मी काय काय केलं होतं लहानपणी.

अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी भरल्या मालासकट चढावर रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. हे म्हणतात, बंदुकीसारखा आवाज झाला आणि रस्त्यावर तेलाचं तळं. ब्लॉकच फुटल्यावर पुन्हा बांधायची सोय राहिली नाही. त्या क्षणी पावणेसहाचे साडेचौदा झाले.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं, तरी मला कुठून कसं दिसलं ते तुला माहीत नाही. गॅरेजच्या अंगणात यांनी तुलाच इंजिन खोलायला लावलं. सगळे ड्रायव्हर जमले होते, कुणी पायरीवर, कुणी टायरवर. एकेक वस्तू तू फडक्यावर मांडत होतास. कूलर आला तेव्हा मालकांनी तो आपटला आणि नळ्यांतून चुरा पडला, जुना, काळपट. मग यांनी पोतं मागवलं. घरून पोतं मीच घेऊन आले. अंगणात पालथं केलं. जुना कूलर त्यात नव्हता. तुझ्या फळीवर रिकामा नवा खोका होता.

कुणालाही हिशेब सोपा होता. हे म्हणाले, ''बायकोचा भाऊ म्हणून स्वस्तात पडेल म्हटलं. नवा कुठे विकलास रे?''

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. नीट आठवून सांगते, एकदाही नाही. बघितलं असतंस तर लोकांनीही बघितलं असतं, म्हणूनच. म्हणालास, ''चुकलं माझं.''

मी बोलू शकले असते. माझ्यापासून तू सहा पावलांवर होतास. मी मोजली आहेत, नंतर जाऊन.

मग ड्रायव्हरांनी तारेत जुन्या रिंगा ओवल्या आणि तुझ्या गळ्यात घातल्या. ''सत्कार करा, सत्कार करा.'' खाली तो जड कूलर बांधला तेव्हा तुझी मान वाकली. तसंच तुला अंगणाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. कुणीतरी म्हणालं, ''कूलर, जरा इकडे गार हवा दे.'' तेच नाव पडलं. आजही तुझा विषय निघाला की लोक कूलरच म्हणतात. परवा पोरीने विचारलं, ''कूलरमामा कधी येणार?'' तिला ते तुझं नावच वाटतं. मी दुरुस्त केलं नाही.

तिसऱ्या फेरीला मी पोतं घडी करत होते. रिकामं पोतं. कडेला कडा जुळवून, नीट.

धाकल्या, बाबा गेले. चौदा ऑक्टोबरला, दुपारी दोनच्या सुमारास. वर पत्रात सगळं ठीक लिहिलं आणि पडदे धुतल्याचं लिहिलं. पहिल्या पानावर हे लिहायला हात वळला नाही. तुला कळवलं नाही कारण यांनी नको म्हटलं. खरं सांगायचं तर मी यांना विचारलंच नव्हतं. आपणहून म्हणाले आणि मला सुटल्यासारखं झालं. तू आला असतास तर तुला बाबांच्या शेजारी उभं राहिलेलं मला बघवलं नसतं.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. आता अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही.

बाबांनी त्या गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नव्हता. उन्हाळाभर म्हणत राहिले, ''माझ्या हाताखालचा माणूस जुना कूलर बसवणार नाही. काहीतरी दुसरं आहे.'' हे चिडायचे, बाबा भिंतीकडे तोंड करून तेच म्हणायचे. जाण्याच्या आठ दिवस आधी, मी त्यांची नखं कापत होते. तर माझं मनगट धरलं. बोटांत ताकद नव्हती, पण पकड मिस्त्रीची. म्हणाले, ''तू खोटं बोलत नाहीस. सांग. त्यानं खरंच केलं?''

मी म्हटलं, ''हो.''

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. ''बाबा, झोपा आता'' म्हणता आलं असतं. मी हो म्हटलं, कारण त्यांनी मनगट धरून विचारलं आणि मला वाटलं, आता जर मी नाही म्हटलं तर ते विचारतील, मग कुणी?

त्यांनी हात सोडला. उरलेली नखं मी कापली. संध्याकाळी म्हणाले, ''त्याच्यासाठी ठेवलेली हत्यारांची पेटी वजनावर दे.'' मी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिली. एकोणीसचा पाना तेवढा काढून घेतला, तू आठव्या वर्षी पहिल्यांदा धरलेला. तो पाठवत नाही. दाराला टेकू म्हणून लागतो.

शेवटी त्यांनी तुझी आठवण काढली असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. आठ दिवसांत एकदाही काढली नाही.

तू विचारशील, ती खोली कुठे गेली. गेले का नाही. एप्रिलमध्ये जायचं होतं. पण त्या अंगणातल्या दिवसानंतर हे आठवडाभर माझ्याशी चांगले वागले. भाऊ चोर निघाला म्हणून बायकोची कीव येते माणसाला. चहा करून दिला, एकदा पोरीची वेणी घातली. मी म्हटलं, थोडं थांबू. मग पावसाळा, मग बाबांचं दुखणं. पैसे पिठाच्या डब्यात तसेच राहिले. गेल्या आठवड्यात नव्या इंजिनाला इसार द्यायचा होता आणि यांच्याकडे नव्हता, तेव्हा मी डबा उपडा केला. पंचेचाळीस हजार. हे बघतच राहिले. म्हणाले, ''घरखर्चातून वाचवलेस? माझी बायको आहे म्हणून हे घर उभं आहे.'' शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं.

डब्याच्या तळाशी, पिठाखाली, एक चिठ्ठी होती. ती मी मुठीत घेतली. डागवाल्याची पावती. ''ऑइल कूलर एक, धुणे व रंग.'' खाली गाडीचा नंबर, तारीख, आणि घेऊन येणाऱ्याच्या जागी माझं नाव, माझी सही. तो माणूस व्यवहाराला पक्का, सही घेतल्याशिवाय वस्तू देत नाही. फाडली का नाही, ते मला विचारू नकोस. मीही विचारलेलं नाही.

आता काम. इंजिनाचे बाकीचे पैसे बाबांच्या दोन खोल्या आणि मागची शेड विकून उभे करायचे आहेत. गिऱ्हाईक आहे, महिनाअखेरपर्यंत थांबणार. त्या जागेवर आपल्या दोघांची नावं लागली आहेत, त्यामुळे तू हक्क सोडल्याची सही लागते. हे म्हणतात, गाडी चालायला लागली की तुझा वाटा देऊ. देणार नाहीत. मी त्यांना ओळखते, तूही ओळखतोस. त्याच शेडमध्ये तू मोठा झालास आणि तुला परत यायचं झालं तर तीच एक जागा होती, हे मला समजतं.

पत्राबरोबर दोन कागद आहेत. एक हक्क सोडल्याचा. दुसरी ती पावती. आणि तिकीट लावलेलं एकच पाकीट, त्यावर यांचं नाव. आमच्याकडे टपाल हेच फोडतात. त्यात यातला कुठलाही एक कागद घाल. सहीचा घातलास तर गाडी चालेल आणि तू कूलरच राहशील. पावती घातलीस तर तुझं नाव तुला परत मिळेल. माझं काय होईल ते त्या माळावरचा दगड सांगेल, आणि या खेपेला चार तासांनी हॉर्न वाजणार नाही. पोरगी त्यांच्याकडेच राहील.

तुला निवड देते आहे असं समजू नकोस. तू कुठला घालशील हे मला ठाऊक आहे. म्हणून तर दोन्ही पाठवायचं धाडस झालं. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर पावती मी चुलीत घातली असती.

वाळला आहेस म्हणतात. वेळेवर जेवत जा. हवा भरताना चाकाच्या समोर उभा राहू नकोस, बाबा सांगायचे तसा बाजूला राहा.

सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारली आहे. कागद हातात घेऊन तू थांबशील, आणि मी तिथे नसले तरी मला विचारशील. ताई, हाच ना?

हाच.

तुझी,
ताई